खोटं शून्य: पेट्रोलच्या टाकीतल्या दाबाचा सेन्सर कसा सापडला

न्यू जर्सीत गाडीची सरकारी तपासणी दर दोन वर्षांनी करावी लागते. नवी गाडी पहिली पाच वर्षं मोकळी असते; त्यानंतर विंडशील्डच्या कोपऱ्यातल्या स्टिकरवरचा महिना संपायच्या आत केंद्रावर हजर व्हायचं. अमेरिकेत १९९६ पासूनच्या पेट्रोल गाड्यांना डॅशबोर्डखाली ओबीडी-२ चा सॉकेट असतो. केंद्रातला माणूस त्यात केबल लावतो आणि गाडीचा कॉम्प्युटर काय सांगतोय ते वाचतो. 'चेक इंजिन'चा पिवळा दिवा पेटलेला असेल तर गाडी नापास, मग कारण कितीही बारीक असो.

आमच्या सेडानचं स्टिकर एप्रिलचं आणि दिवा लागला मार्चअखेर. गाडी सुरळीत चालत होती. झटके नाहीत, मायलेज होतं तेवढंच, पेट्रोलचा वास नाही. स्कॅनर लावला तर एकच कोड: पी०४५५. म्हणजे टाकीतल्या वाफा कोंडून ठेवणाऱ्या यंत्रणेत मोठी गळती.

ही यंत्रणा काय करते ते आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. गाडी उभी असली तरी टाकीतल्या पेट्रोलची वाफ होतच असते. ती बाहेर सोडली तर उन्हात नायट्रोजनच्या ऑक्साइडांशी तिची क्रिया होऊन जमिनीलगत ओझोन तयार होतो. लॉस एंजेलिसच्या धुरकट हवेचं हे कोडं आरी हागेन-स्मिट या मूळच्या डच रसायनशास्त्रज्ञाने उलगडलं. त्याआधी हा माणूस अननसाच्या स्वादावर संशोधन करत होता, हे मला फार आवडतं. त्यानंतर कॅलिफोर्नियाने १९७० साली आणि पाठोपाठ सगळ्या अमेरिकेने १९७१ साली टाकीतल्या वाफा अडवणं सक्तीचं केलं. तेव्हापासून टाकीतून निघणारी वाफ कोळशाच्या डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये जाते. कोळसा ती धरून ठेवतो. इंजिन चालू झालं की पर्ज व्हॉल्व्ह उघडतो, आणि इंजिन ती वाफ ओढून जाळून टाकतं. डब्याच्या दुसऱ्या टोकाला व्हेंट व्हॉल्व्ह असतो. तिथून बाहेरची स्वच्छ हवा आत येते.

गळती आहे की नाही हे गाडी स्वतः तपासते. आमच्या गाडीत त्याची पद्धत अशी: थंड इंजिन सुरू झाल्यावर थोड्या वेळाने कॉम्प्युटर व्हेंट बंद करतो, पर्ज उघडतो आणि इंजिनच्या ओढीने टाकीत किंचित निर्वात तयार करतो. मग पर्जही बंद करून तो निर्वात टिकतो का ते बघतो. अर्ध्या मिलिमीटरचं भोकसुद्धा पकडायचं, अशी नियमाची अपेक्षा आहे. काही कंपन्यांच्या गाड्यांत हीच तपासणी इंजिन बंद झाल्यावर होते. पण पद्धत कुठलीही असो, टाकीत दाब किती आहे हे सांगणारा कोणीतरी लागतोच. ते काम टाकीच्या डोक्यावर बसवलेल्या दाबाच्या सेन्सरचं. कॉम्प्युटरला टाकीच्या आतलं जे काही कळतं ते या सेन्सरच्या तोंडून.

हा दाब किती नाजूक असतो? तो मोजतात तो 'इंच पाणी' या मापात. दहा इंच पाणी म्हणजे टायरमधल्या हवेच्या भाषेत जेमतेम ०.३६ पीएसआय. उसाच्या रसाच्या ग्लासातली लांब स्ट्रॉ ओठांनी ओढताना जितका जोर लागतो, तितकाच.

पहिलं काम झाकणाचं. पी०४५५ येण्याचं सगळ्यांत साधं कारण म्हणजे पेट्रोल भरल्यावर सैल राहिलेलं किंवा रबर चिरलेलं झाकण. रबर मऊ होतं, कडा स्वच्छ होती, झाकण 'टक टक' करत घट्ट बसत होतं. कोड पुसून गाडी चालवली. काही दिवसांनी कोड परत आला, तोही सकाळी थंड गाडी काढल्यावर थोड्याच वेळात. कोड नोंदला त्या क्षणाची परिस्थिती स्कॅनरमध्ये साठवलेली असते. त्यात इंजिन गरम होत आलेलं, टाकी अर्ध्याहून थोडी जास्त भरलेली, म्हणजे गाडीची स्वतःची तपासणी चालू असतानाच तो आला होता.

मग गाडी गॅरेजात नेली. त्यांनी धुराची चाचणी केली. इंजिनाजवळ हिरव्या टोपणाचं एक तोंड असतं, तिथून अगदी कमी दाबाने धूर सोडायचा, व्हेंट बंद ठेवायचा आणि टॉर्च घेऊन धूर कुठून निघतो ते शोधायचं. कुठूनच निघाला नाही. तरी त्यांनी कागदावर लिहून दिलं ते कॅनिस्टर आणि व्हेंट व्हॉल्व्ह दोन्ही बदला असं. रक्कम चांगलीच मोठी होती. मी विचारलं, "धूर तर कुठेच दिसला नाही, मग हे का?" उत्तर आलं, बहुतेक वेळा तेच असतं.

मला हे पटेना. पी०४५५ म्हणजे सुईच्या टोकाएवढी गळती नव्हे; त्या बारीक गळत्यांचे कोड वेगळे आहेत, पी०४४२ आणि पी०४५६. मोठी गळती म्हणजे झाकण उघडं टाकल्यासारखं. एवढं भोक असतं तर धुराने गॅरेज भरलं असतं. कॉम्प्युटर म्हणतोय मोठं भोक, धूर म्हणतोय भोक नाही. या दोघांत एकजण चुकीचं सांगत होता, आणि धूर डोळ्यांना दिसतो.

त्या सुमारास शेजारच्या घरात मित्राचे वडील पुण्याहून आले होते. वाहन उद्योगात टेस्टिंगमध्ये त्यांचं आयुष्य गेलेलं. सगळे त्यांना काकाच म्हणतात. कागद वाचून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "भोक आहे असं गाडीला कशावरून वाटतंय? तिने काय मोजलं?"

"निर्वात तयार झाला नाही म्हणून, काका."

"तयार झाला नाही, की तयार झालेला तिला दिसला नाही?"

तिथून आमचं काम सुरू झालं. यासाठी नुसता कोड वाचणारा स्वस्त स्कॅनर पुरत नाही. सेन्सरचा आकडा चालू स्थितीत दाखवणारा आणि व्हॉल्व्ह हुकमाने उघड-बंद करता येणारा लागतो. तसा एक मित्राकडून आणला.

सेन्सरला तीन वायरी. एकीत कॉम्प्युटरकडून ५ व्होल्ट येतात, दुसरी ग्राउंड, तिसरीतून सिग्नल परत जातो. आमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे टाकीचं झाकण काढलेलं असताना, म्हणजे आतबाहेर दाब सारखा असताना, सिग्नल १.३ ते १.७ व्होल्टच्या दरम्यान हवा. हा आकडा कंपनीगणिक बदलतो. काही गाड्यांत तो अडीच व्होल्टच्या आसपास असतो, त्यामुळे आपल्या गाडीचं मॅन्युअल पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. आमच्या गाडीत निर्वात वाढला की व्होल्ट वाढतात.

झाकण काढलं. १.५ व्होल्ट. अगदी मापात.

इथेच बरेच जण सेन्सरला निर्दोष ठरवून पुढे जातात, आणि ते स्वाभाविक आहे. पी०४५२ म्हणजे सिग्नल फार खाली, पी०४५३ म्हणजे फार वर. सेन्सर त्या टोकांना गेला तर कॉम्प्युटर स्वतःच त्याच्याकडे बोट दाखवतो. आमचा सेन्सर मध्यावर, शोभेल असा आकडा दाखवत बसला होता. पण जागच्या जागी बरोबर असणं वेगळं आणि दाब बदलल्यावर हलणं वेगळं. काका म्हणाले, "आता ओढून बघू."

झाकण घट्ट लावलं, इंजिन चालू केलं. स्कॅनरवरून व्हेंट बंद केला, पर्ज थोडा उघडला. हे करताना फार सावध राहावं लागतं. चालू इंजिनची ओढ आयडलला सुमारे अठरा इंच पारा असते, म्हणजे जवळपास २४५ इंच पाणी. नेहमी कॉम्प्युटर सेन्सर बघून ती वेळेवर थांबवतो. इथे सेन्सरवरच संशय, म्हणजे थांबवणारं कोणी नाही. जास्त वेळ ओढलं तर टाकी आत चेपेल. काकांनी हातातल्या घड्याळावर नजर ठेवून काही सेकंदांतच "बंद कर" म्हटलं. तेवढ्या वेळात मी स्कॅनरकडे बघत होतो. १.५. पर्ज उघडताना १.५, बंद झाल्यावर १.५. पडद्यावरची रेघ सरळ आडवी.

"आता झाकण उघड. हळू."

झाकण पाव फेरा फिरलं आणि 'सूं' असा लांब आवाज आला. काकांनी टिश्यू पेपरची एक पट्टी फाडून हातात तयारच ठेवली होती. ती त्यांनी झाकणाच्या फटीजवळ धरली. पट्टी आत ओढली जाऊन कडेला चिकटली. हवा आत जात होती, बाहेर येत नव्हती. म्हणजे टाकीत दाब साठलेला नव्हता, निर्वातच होता, आणि झाकण उघडेपर्यंत टिकलाही होता. स्कॅनर सांगत होता, आत काहीच नाही.

"गळती असती तर हा आवाज आला असता का?" काका एवढंच म्हणाले.

खात्रीसाठी तेच पुन्हा केलं, पुन्हा तेच घडलं. गॅरेजने सांगितलेले दोन्ही भाग त्या क्षणी संशयातून सुटले. व्हेंट बंद होत होता आणि कॅनिस्टर फुटलेला नव्हता, नाहीतर निर्वात धरलाच नसता.

पण एवढ्यावर सेन्सर बदलायचा नाही, असं आमचं ठरलं. वायरिंग आणि कॉम्प्युटर अजून तपासायचे होते. आमच्या गाडीत मागची सीट उचलली की खाली पत्र्याचं एक झाकण आहे, चार स्क्रू काढले की टाकीचं डोकं दिसतं. सगळ्या गाड्यांत अशी सोय नसते. पुष्कळ गाड्यांत टाकी खाली उतरवावी लागते, आणि म्हणूनच आधी सगळी मोजमापं करणं इतकं महत्त्वाचं. गाडी बाहेर ड्राइव्ह-वेवर, चारही दारं उघडी, टाकीत पेट्रोल कमी, आसपास ठिणगी पडेल असं काही नाही, इतकी काळजी घेऊनच ते झाकण काढलं. पत्र्याखाली कित्येक वर्षांची माती होती. ती आधी व्हॅक्यूमने नाही, ओल्या फडक्याने पुसली. व्हॅक्यूमच्या मोटरची ठिणगी पेट्रोलच्या वाफेजवळ नको.

कनेक्टर काढला. मॅन्युअलप्रमाणे सिग्नल शून्यावर यायला हवा होता, आला. मग फ्यूज लावलेल्या छोट्या वायरीने कनेक्टरमधली ५ व्होल्टची पिन सिग्नलच्या पिनेला जोडली. स्कॅनरवर ५ च्या जवळ. म्हणजे सिग्नलची वायर धड होती आणि कॉम्प्युटर तिच्यातून येईल ते नीट वाचत होता. राहिली ग्राउंड. ती कनेक्टर काढून तपासली तर फसवू शकते, कारण विजेचा भार नसताना कुजलेली वायरही ठीक दिसते. म्हणून कनेक्टर परत लावून, मागच्या बाजूने बारीक पिन सरकवून बॅटरीच्या ऋण टोकाशी फरक मोजला. काही मिलिव्होल्ट. म्हणजे तीही ठीक.

एकच शंका उरली. सेन्सरचं बारीक तोंड, जिथून त्याला टाकीतला दाब कळतो, ते मातीने किंवा कोळशाच्या भुकटीने बुजलेलं असेल तर चांगला सेन्सरही आंधळा होईल. सेन्सर रबरी ग्रोमेटमध्ये दाबून बसवलेला असतो, तो हलकेच पिळत वर काढला आणि टाकीचं भोक लगेच रबरी बुचाने बंद केलं. तोंड उजेडात धरून पाहिलं, स्वच्छ होतं.

मग काकांनी जे केलं ते मला या सगळ्यात सर्वांत आवडलं. हार्डवेअरच्या दुकानातून पारदर्शक प्लास्टिकची नळी आणली होती. ती इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून एका फळीवर टेपने चिकटवली, मधे इंचपट्टी लावली. पाणी नीट दिसावं म्हणून त्यात जिलबीला घालतात तो केशरी रंग टाकला. नळीच्या एका टोकाला टी-जोड लावून एका बाजूला सेन्सर, दुसऱ्या बाजूला औषधाची मोठी सिरिंज. तोंडाने ओढायचं नाही हे त्यांनी आधीच बजावलं. सेन्सर पेट्रोलच्या वाफेत राहिलेला असतो. सिरिंजचा दट्ट्या मागे घेतला की एका बाजूचं पाणी चढतं, दुसऱ्या बाजूचं उतरतं, आणि दोन पातळ्यांमधलं अंतर म्हणजे दाब. दहा इंचांसाठी एक बाजू पाच इंच वर, दुसरी पाच इंच खाली. याहून खरं माप शोधून सापडणार नाही. यात बॅटरी नाही आणि बिघडायला काही नाही.

जुना सेन्सर गाडीच्या कनेक्टरलाच जोडलेला ठेवला. दट्ट्या ओढला. केशरी पाणी सरसर चढलं. पाच इंच, आठ, दहा. स्कॅनरवर १.५. काका दट्ट्या तसाच धरून म्हणाले, "बघ, पाणी हललं, हा नाही हलला."

नवा सेन्सर त्याच नळीला लावला. सुरुवातीला तोही १.५, जुन्यासारखाच. पाच इंचांवर २.३. दहा इंचांवर ३.१ च्या आसपास. दट्ट्या हळूहळू सोडला तसा आकडाही पाण्याबरोबर खाली आला. आमच्या शंकेला आता जागा उरली नव्हती. नवा सेन्सर आल्या आल्या थेट बसवण्याऐवजी आधी नळीवर पारखून घेतला, याचंही मला समाधान वाटलं. नवा भाग नेहमी चांगलाच निघतो असं नाही.

ग्रोमेटही नवा घातला, कारण जुनं रबर कडक झालं होतं आणि तिथून खरीच गळती सुरू झाली असती. पत्र्याच्या झाकणाला नवा सीलंट लावला, सीट बसवली. मग व्हेंट-पर्जची तीच चाचणी: या वेळी निर्वात चढताना पडद्यावर दिसला, पर्ज बंद झाल्यावर जागेवर टिकला, झाकण उघडल्यावर आवाजाबरोबर शून्यावर आला.

यापुढचा भाग तपासणीला जाणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवण्यासारखा आहे. कोड पुसले की दिवा विझतो, पण त्याबरोबर गाडीच्या सगळ्या स्वयं-तपासण्यांची नोंदही पुसली जाते. तपासणी केंद्राला ते दिसतं. २००१ पासूनच्या गाड्यांना एकच तपासणी अपुरी असलेली चालते, जास्त असतील तर परत पाठवतात. म्हणून आदल्या दिवशी कोड पुसून केंद्रावर गेलं तर काहीच हाती लागत नाही. त्यात वाफांची तपासणी बहुधा सगळ्यांत शेवटी होते, कारण तिच्या अटी फार. आमच्या गाडीत टाकी १५ ते ८५ टक्के भरलेली हवी, गाडी रात्रभर उभी राहून इंजिन आणि बाहेरच्या हवेचं तापमान जवळजवळ सारखं झालेलं हवं, आणि ते साधारण ४ ते ३० अंश सेल्सिअसच्या दरम्यान हवं. इथल्या जानेवारीत ही तपासणी आठवडेच्या आठवडे होत नाही. एप्रिलची सकाळ तिला मानवते.

नियमाने ती अपुरी राहिली असती तरी गाडी पास झाली असती. पण आम्हाला ती झालेलीच हवी होती, कारण दुरुस्ती खरी आहे हे गाडीच्या तोंडून ऐकायचं होतं. एका सकाळी मी गाडी चालवत होतो, काका शेजारी स्कॅनर मांडीवर घेऊन. थोडं अंतर गेल्यावर ते म्हणाले, "व्हेंट बंद झाला." मग आकडे वाचत गेले: दोन, चार, सात, दहा. "थांबला. धरून आहे." पुढच्या काही मिनिटांत त्या तपासणीपुढे 'पूर्ण' असं आलं.

वाटेत पेट्रोल भरायला थांबलो. न्यू जर्सीत पेट्रोल पंपावरचा माणूसच भरतो. नोझल 'टक' करून बंद झाल्यावर तो आणखी थोडं भरायला लागला, तर काका काच खाली करून म्हणाले, "नको, बस झालं." पुण्यात पंपावर "राउंड फिगर करा" म्हणतात तेव्हाही ते असंच थांबवतात, असं म्हणाले. टक झाल्यावर भरलेलं पेट्रोल टाकीऐवजी वाफेच्या वाटेने कॅनिस्टरमध्ये जाऊ शकतं. भिजलेला कोळसा वाफ धरत नाही, आणि तो भाग स्वस्त नाही.

तपासणी केंद्रावर रांग लांब होती, काम मात्र मिनिटांत झालं. केबल लावली, कागद छापून आला, नवं स्टिकर चिकटलं. सरकारी केंद्रावर याचे पैसे लागत नाहीत. कॅनिस्टर आणि व्हेंट व्हॉल्व्ह जुनेच आहेत.

गॅरेजवाल्याला मी फोन करून सगळं सांगितलं. त्याने मन लावून ऐकलं आणि विचारलं, झाकण उघडण्याआधी स्कॅनरवर नेमका आकडा किती होता. मी सांगितलं, १.५. तो म्हणाला, धूर सोडायच्या आधी मी आता हेच बघीन.